चार्जिंग संपली

मी बासरी मोबाइलवर शिकलो असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या बाप्पा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, अन् ती आजवर मी कोणाला पुरती सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी सांगायला बसलो की मी विषय बदलतो, म्हणून लिहून टाकतो.

निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात मला निमोनियानं धरलं. सारी नोकरी दारव्ह्याच्या कचेरीत फायलींची धूळ खाण्यात गेलेली, फुफ्फुसं कशी धड राहणार! दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं. नळी तोंडात धरायची, दम ओढायचा, गोळ्या वर चढल्या पाहिजेत. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी ते माळ्यावर फेकलं. माझा स्वभावच खवट आहे. रोज उठून तेच करा म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

मुलीचं लग्न उन्हाळ्यात व्हायचं होतं, ती तेव्हा घरीच होती. तिनं माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी टाकलं अन् म्हणाली, "बाबा, हे वाजवा. दमाचा व्यायाम होईल अन् तुमचं डोकंही ठिकाणावर राहील." पडद्यावर चार गोल भोकं. खालच्या माइकमध्ये फुंकर घालायची, भोकांवर बोटं ठेवायची, उचलायची, की सूर निघतो. अगदी बासरी नाही, पण बासरीच्या घरातला आवाज. मी फुंकलं. मोबाइल कुईं करून रडला. मुलगी हसत सुटली, मी चिडलो, अन् चिडलो म्हणूनच शिकायचं ठरवलं.

घरात शिकणं मुश्कील. छताचा पंखा सुरू असला की त्याचा वारा माइकमध्ये शिरायचा अन् मी हातही न लावता मोबाइल वाजायचा. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमच्यापेक्षा त्या पंख्याले बरं येते!" झालं, दुसऱ्या दिवसापासून मी वावरात जाऊ लागलो. आमचं गाव बोरी अरबपासून सायकलच्या अंतरावर, अन् माझं वावर गावाबाहेर नाल्याच्या काठाला. पावसाळ्यात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठा कडुनिंब. त्याच्याखाली बसून मी मोबाइलमध्ये फुंकायचो. पाहणारं कोणी नाही, असा माझा समज.

पाहणारा होता. गावच्या गायी राखणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. आमचा गायकी सत्तरीच्या पुढचा, वाळल्या काडीसारखा, डोक्याला फडकं, खांद्यावर झोळी. दुपारी गायी नाल्याच्या काठाला बसवून तो पलीकडच्या पळसाखाली टेकायचा. तीन-चार दिवस त्यानं माझं कुईंकुईं ऐकलं असावं. मग एके दिवशी काठी टेकत सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, मघापासून कोनाले बलावून राह्यले?"

मी म्हटलं, "कोणाला नाही काका, शिकून राह्यलो."

तो खाली बसला. मोबाइल हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. तेवढ्यात नाल्याकडून वाऱ्याची झुळूक आली अन् मोबाइल त्याच्या हातातच वाजला. म्हातारा असा दचकला, अन् मग असा हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली. "याले तं वारा बी वाजवते! मंग तुमी कायले जीव काढता?"

तिथून आमची बैठक सुरू झाली. त्याच्या झोळीत त्याचा स्वतःचा पावा होता, बांबूचा, हाताळून हाताळून काळपट झालेला. दिवाळीच्या पाडव्याला गावात गायगोधन असतं. आखरात, म्हणजे गावच्या गायी जमतात त्या मोकळ्या जागेत, शेणाचं गोधन मांडतात, त्यावर झेंडू ठेवतात, दिवे लावतात. मग गायकी पावा वाजवत पुढं चालतो, मागून रंगवलेल्या शिंगांच्या गायी ते गोधन ओलांडून जातात. त्या वेळी जी चाल वाजते ती लहानपणापासून माझ्या कानात होती. पण ती चाल कोणीतरी वाजवतो, अन् तो वाजवणारा आपल्या वावराच्या पलीकडं रोज बसलेला असतो, हे मला साठी आल्यावर कळलं. आमच्यासारखे लोक चाल ऐकतात, वाजवणाऱ्याकडं बघत नाहीत.

त्यानं मला ती चाल वाजवून दाखवली. सुरुवात बरी झाली. पण मधे एक वळण आहे, सूर वर चढतो अन् तिथंच धरून ठेवावा लागतो, दूर गेलेल्या जनावराला हाक मारल्यासारखा. तिथं म्हाताऱ्याचा दम तुटला. पावा खाली ठेवून तो कितीतरी वेळ खोकत राहिला.

"दोन वर्षं झाले, अथीच तुटते," तो म्हणाला. "पोराले म्हटलं शिक. थो पुन्याले कंपनीत गेला. म्हने, गायी राखाले मी जन्मलो नाई."

मला कल्पना सुचली. मोबाइलला जोर कुठं लागतो? नुसता श्वास सोडला तरी वाजतो. मी मोबाइल त्याच्या तोंडाजवळ धरला. त्यानं हलकेच फुंकलं अन् काय सांगू, मोठा, भरलेला सूर निघाला! म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्यानं भोकांवर बोटं ठेवली. पण काचेला त्याची बोटं कळेनात. जन्मभर काठी, दोर अन् शेण धरून बोटांची टोकं अशी टणक झालेली की पडद्याला वाटावं कोणी लाकूड टेकवलं आहे. त्यानं बोटं धोतराला पुसली, थुंकी लावून पाहिली, दाबून पाहिली. काही नाही. मग त्यानं माझा हात धरून बघितला. कारकुनाची बोटं, मऊ.

"बोटं तुमचे चालतीन," तो म्हणाला.

अन् मग आम्ही दोन म्हातारी माणसं कडुनिंबाखाली डोक्याला डोकं लावून बसलो. फुंकर त्याची, बोटं माझी. चुकलो की तो माझ्या मनगटावर काडी मारायचा. "तिसरं उचला! तिसरं! कचेरीत काय मोजत होते, बोटं बी मोजता येत नाई?" इतकं मला साहेबानंही कधी झापलं नव्हतं. अन् मला राग यायचा नाही, हेच नवल. हळूहळू फुंकरही माझी झाली. पोळा गेला, दसरा आला, तोवर वळणासकट अख्खी चाल माझ्या बोटांत बसली. छातीही सुधारली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा व्यायाम चांगला केलेला दिसतो. मी मान हलवली.

एकदा ऐन वळणावर मोबाइल बंद पडला. चार्जिंग संपलेली. त्याला हा प्रकार नवा होता. "म्हंजे आता वाजत नाई? काईच नाई?" तेव्हापासून रोज येऊन बसला की पहिला सवाल तोच. "चार्जिंग हाय ना, भाऊ?"

त्याच सुमारास त्यानं मला विचारलं. सरळ विचारलं नाही, गायींकडं बघत बोलला. "अवंदा गोधनाले तुमी वाजवा माझ्यासंगं. म्या पावा धरीन, वळनावर तुमी सांभाळा. मी गेलो तं हे चाल मांगं राहीन." मग हसून म्हणाला, "अन् झोळी बी भरन तुमची. घरोघरच्या बाया सुप घेऊन येतेत. कोनाची जवारी, कोनाचे गहू, कोनाचे तांदूय. सारं एकातएक. आमच्या घरी महिनाभर थ्या मिसळीची भाकर. साऱ्या गावाची चव लागते तिले."

मी म्हटलं, "वाजवीन." कडुनिंबाखाली बसून म्हणायला काय जातं! "दिवाळीले चार्जिंग करून आनजा मात्र," तो म्हणाला. मी त्याच्या हातावर हात मारला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मुलगी अन् जावई आले. पहिला दिवाळसण. जावई बँकेत, बोलणं मोजकं, शर्टाला कडक इस्त्री. व्याह्यांकडं सगळे मोठ्या हुद्द्यांवरचे. लग्नात मी त्यांच्यासमोर "आम्ही कचेरीतली माणसं, शेती आपली हौसेपुरती" असं दोनदा बोललो होतो. दोनदा! पाडव्याला सकाळी जावई म्हणाले, "बाबा, ते गायींचं काय असतं, मला व्हिडिओ काढायचाय."

तोवर मी फक्त चालीचा विचार केला होता. चालीनंतर काय, याचा केलाच नव्हता. अनवाणी गायकीच्या बरोबरीनं चालायचं. दारोदार उभं राहायचं. ज्या घरांत मला बाबूजी म्हणून खुर्ची देतात, त्याच घरांच्या बायांपुढं झोळी पसरायची. अन् जावई व्हिडिओ काढणार, तो व्याह्यांच्या घरी बसून पाहिला जाणार. मोबाइल रात्रभर चार्जिंगला होता. मी तो काढला, खिशात घातला, अन् आखराकडं निघालो.

आखरात सारं गाव जमलं होतं. गोधन मांडलेलं, गायींच्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात झेंडूच्या माळा. म्हातारा नवं फडकं बांधून उभा. मला पाहताच त्यानं हात वर केला. "या भाऊ, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो." लोकांनी माना वळवल्या. जावयांनी मोबाइल वर धरला होता.

अन् मी म्हणालो, "काका, चार्जिंग संपली ना."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पण माझ्यावर नाही, त्या यंत्रावर चिडल्यासारखा. "सकाळी लावली नोती का?"

"लाइन नव्हती," मी म्हणालो. देवळावरची रंगीत लायटिंग आदल्या संध्याकाळपासून लुकलुकत होती, तेव्हाही लुकलुकत होती. सगळ्यांना दिसत होती.

अन् त्याच क्षणी माझ्या छातीवरच्या खिशात मोबाइल वाजला.

मला कमी ऐकू येतं म्हणून मुलीनं आवाज पुरा वाढवून ठेवलेला. सदऱ्याच्या पातळ कापडातून उजेडही दिसत होता. हात खिशाकडं जाईना. धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी समजलं. पोट्टे मागं खिदळले. जावयांनी मोबाइल खाली घेतला, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, अन् ते जास्त लागलं.

म्हातारा माझ्या खिशाकडं बघत होता. मग माझ्याकडं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "घ्या ना भाऊ. घरून असन."

घरूनच होता. मुलगी विचारत होती, फराळाला किती वेळ आहे.

म्हाताऱ्यानं पावा तोंडाला लावला अन् एकटाच निघाला. वळण आलं, तिथं दम तुटला. एक-दोन श्वास नुसती हवा ऐकू आली. गायी थबकल्या. माझी बोटं खिशात मोबाइलवर होती, तिसरं उचललेलं. मग पोट्ट्यांनी हो हो करून गायी हाकलल्या अन् कार्यक्रम उरकला. मी घरी येऊन फराळ केला, जावयांना आग्रह केला. त्यांनी तो विषय काढला नाही. चांगल्या घरचे आहेत.

पुढं मी वावरात जाण्याची वेळ बदलली. दुपारी जायचो तो सकाळी जाऊ लागलो. माफी मागायला हवी होती, मी वेळ बदलली! वर्षभर असं शेपूट घालून काढलं. पावसाळ्यात कळलं की गायकीनं अंथरूण धरलं आहे, गायी आता पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या घरचे नेतात. तरी मी गेलो नाही.

मग पुन्हा दिवाळी आली. या वेळी जावई नव्हते, व्याही नव्हते. मी मनाशी पक्कं केलं होतं. मोबाइल पूर्ण भरलेला, आखरात जाऊन उभा राहिलो. पोट्ट्यांनी मोठा स्पीकर आणला होता, त्यावर धडाधडा गाणी सुरू. गायी बिचाऱ्या कान पाडून गोधन ओलांडून गेल्या. कोणी म्हटलं असतं तर वाजवलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण कोण म्हणणार? चाल मला येते हे एकाच माणसाला माहीत होतं, अन् तो घरी बाजेवर पडलेला. स्पीकर दोन मिनिटं थांबवा रे, इतकंच म्हणायचं होतं. माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही.

दुपार कलल्यावर फराळाचं ताट घेऊन त्याच्याकडं गेलो. खोली लहान, दार रस्त्यावर उघडणारं. म्हातारा बाजेला टेकून बसला होता, छाती भात्यासारखी चाललेली. मला पाहून उठायला गेला. मी बसवलं. त्यानं ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"वाजली का चाल?"

नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. "वाजली," मी म्हणालो.

"कोनं वाजवली?"

"म्या."

त्याचा चेहरा असा उजळला की मला मागं फिरता येईना. "वळनावर पुरला दम?" पुरला. "गायी थांबल्या नाई?" नाही थांबल्या. "अन् सुपं? बाया आल्या सुपं घेऊन?"

"आल्या ना काका. झोळी भरली. घरी ठेवली आहे. तुमचाच मान तो, आणून देतो."

कशाला बोललो हे? पण बोललो. घरी आलो, बायकोला म्हटलं, कोठीतली ज्वारी काढ, झोळीभर. "कोनाले?" "गायक्याले." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् मुकाट्यानं काढून दिली. तिला माहीत असलेली अर्धी ती ही.

झोळी त्याच्या पुढ्यात ठेवली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. त्यानं आत हात घातला, मूठभर दाणे काढले, बोटांतून पडू दिले. पुन्हा घातला, पार तळापर्यंत. ओंजळ दाराच्या उजेडाकडं धरून पाहिली. पांढरीशुभ्र, निवडलेली, एकसारखी ज्वारी. एक गहू नाही. एक तांदूळ नाही.

"एकाच घरची हाय, भाऊ," तो म्हणाला.

माझी कानशिलं तापली. त्यानं ओंजळ हलकेच झोळीत परत ओतली, हात झटकले अन् बाजेला टेकला.

"असू द्या. चार्जिंग हाय ना?"

"फुल आहे."

"मंग वाजवा."

मी मोबाइल काढला. बाहेर गायी परतायची वेळ झाली होती. रस्त्यानं माणसं येत-जात होती, समोरच्या ओट्यावर चार जण बसले होते, त्यांच्यातल्या एकानं मला बाबूजी म्हणून रामराम केला होता. बोटं भोकांवर ठेवली. अन् फुंकण्याआधी मी उठलो अन् दार लोटून घेतलं.

काय करून बसलो ते कडी हातात असतानाच कळलं. मागं वळून पाहायची हिंमत होईना. खोलीत अंधारल्यासारखं झालं, फक्त मोबाइलचा उजेड. म्हाताऱ्याची बाज करकरली.

"दार लावलं तं लावलं," तो म्हणाला, "आवाज तरी वाढवा."